नातीची बाहुली आणि तेवीस किलोंची बॅग

कऱ्हाडहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात:

'माझं वय ६३. सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच एकटी विमानाने मेलबर्नला लेकीकडे निघाले आहे, तीन महिन्यांसाठी. नात सहा वर्षांची, नातू सव्वा वर्षाचा. नातीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. दोघांच्या खाऊ-खेळण्यांसाठी आणि प्रवासाच्या सामानासाठी १५ हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत. तिकिटावर २३ किलोंची बॅग आणि हातातलं ७ किलो एवढंच आहे. जाऊबाई म्हणतात, बोलणारी बाहुली घ्या, गोष्टींच्या पंचवीस पुस्तकांचा संच घ्या. घरी जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी पडून आहेत, त्या न्याव्यात का? मला सावंतवाडीची लाकडी ठकी न्यायची फार हौस आहे, पण तिथल्या विमानतळावर लाकूड काढून घेतात म्हणे. नवी बॅग, मानेची उशी, कुलपं, पाऊच, यातलं नक्की काय लागतं? आणि परवा जावई फोनवर म्हणाले, "आई, काही आणू नका, इथे सगळं मिळतं." प्रेमानेच म्हणाले, पण तेव्हापासून खरेदीचा हुरूपच गेला. रिकाम्या हाताने कशी जाऊ?'

ताई, रिकाम्या हाताने अजिबात जाऊ नका. आणि जावयांचं बोलणं मनालाही लावून घेऊ नका. ते म्हणतात ते खरंच आहे, तिथे सगळं मिळतं. म्हणून तर जे तिथे मिळतं ते इथून उचलून न्यायचं नाही. मग काय न्यायचं? प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर स्वतःला एकच विचारा: ही मी नसताना चालेल का? जी आपली आपण चालते ती दुकानातच राहू द्या. जिच्याशी खेळायला, जी वाचायला, जी बघायला नातीला आजी जवळ लागेल, ती घ्या. तुमच्याकडे तीन महिने आहेत. एवढा सलग वेळ तिच्या आईबाबांना एरवी कुठून मिळणार?

या हिशेबाने बोलणारी बाहुली पहिली बाद. बटण दाबलं की ती चार ओळी बोलते, आठवड्यात पोरं कंटाळतात, हा भाग तर आहेच. पण मला खरी काळजी तिच्यातल्या बॅटरीची वाटते. अशा बऱ्याच खेळण्यांत नाण्यासारखे चपटे बटण-सेल असतात. घरात सव्वा वर्षाचं मूल आहे आणि त्या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. असा सेल घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, जिवावर बेततं. ऑस्ट्रेलियाने २२ जून २०२२ पासून बटण-सेल असलेल्या वस्तूंना सुरक्षेचे सक्तीचे नियम लावलेत: सेलचं झाकण लहान मुलाला उघडता येता कामा नये. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या खेळण्याचं झाकण बहुधा नखानेही निघतं. जाऊबाईंना सांगा, डॉक्टरांनी नको म्हटलंय. कोणताही बालरोगतज्ज्ञ हेच सांगेल.

तिच्याऐवजी साधी कापडी बाहुली घ्या. शक्य तेवढी साधी: चेहरा, दोन वेण्या, अंगात एक पांढरा झगा. तिचे कपडे तिथे गेल्यावर नातीला शेजारी बसवून शिवायचे. त्यासाठी दोन-तीन खणांचे तुकडे, इरकलीच्या काठाची एखादी पट्टी, जुन्या सुती लुगड्याचा मऊ भाग, थोडी जर, टिकल्या असं सगळं एका पिशवीत भरा. वजन पाव किलोही होणार नाही. बाहुलीला नऊवारी नेसवायची म्हटलं की नातीला निऱ्या घालाव्या लागतील, काष्टा मारावा लागेल, पदर कुठला आणि काठ कुठला ते विचारावं लागेल, आणि हे सगळं इंग्रजीतून विचारता येत नाही. एकदम सगळे कपडे शिवून टाकू नका. परकर-पोलकं पहिल्या आठवड्यात, नऊवारी दिवाळीच्या सुमारास, असं पुरवून पुरवून करा. सुया आणि कात्री मात्र मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या सामानात कात्री सापडली तर मुंबईलाच काढून घेतील.

बाहुली घेताना दोन गोष्टी तपासा. तिच्या पोटात काय भरलंय ते विचारा. पेंढा, भुसा किंवा सरकी न काढलेला कापूस असेल तर घेऊ नका. सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि ऑस्ट्रेलियात बी-बियाणं, गवत, पेंढा यांची फार कडक तपासणी होते. फायबर किंवा स्वच्छ चिंध्या भरलेली बाहुली चालते. दुसरं म्हणजे डोळे. काही हस्तकलेच्या बाहुल्यांना गुंजांचे डोळे लावतात, मण्यांच्या माळेतही गुंजा असतात. दिसायला देखण्या, पण गुंज विषारी असते. बी म्हणून तिथे अडवतील आणि बाळ असलेल्या घरात ती नकोच. दोऱ्याने भरलेले डोळे सगळ्यांत चांगले.

आता तुमची ठकी. ती न्या, जरूर न्या. सावंतवाडीच्या चितार आळीत ही लाकडी कामं वर्षानुवर्षं चालत आलीत. ठकी ही आपली खास मराठी बाहुली: हातपाय न हलणारी, अंगावरच साडी-चोळी रंगवलेली, टपोऱ्या डोळ्यांची. मेलबर्नच्या कुठल्याही दुकानात ती मिळायची नाही. पण खरं सांगू का, ठकी कपाटात जाऊन बसेल. कारण ती रंगवून पूर्ण झालेली आहे, तिच्यात नातीने भर घालायला काही उरलेलं नाही. एक छोटी ठकी हौसेची म्हणून घ्या आणि बाकीचे पैसे त्याच आळीत लाकडी फळं-भाज्यांवर खर्च करा. आंबा, फणस, वांगं, काजू, मिरची, केळीचा घड. ही फळं हुबेहूब आणि वजनाला हलकी असतात. दहा-बारा नग आणि एक छोटी परडी एवढ्यावर मंडई मांडता येते. 'वांगी कशी दिली हो?' 'चाळीस रुपये किलो.' 'फारच महाग बाई, जरा कमी करा.' सहा वर्षांची पोरगी दुकानदारीण झाली की मराठीत घासाघीस केल्याशिवाय तिची भाजी खपत नाही. ज्या मुलांना भाषा कळते पण बोलवत नाही, त्यांना 'मराठीत बोल' असं सांगून काही होत नाही. बोलण्याचं काम पडावं लागतं. मला या भाजीवर ठकीपेक्षा जास्त भरवसा आहे.

विमानतळावर लाकूड काढून घेतात हे अर्धंच खरं. उतरण्याच्या आधी विमानात प्रवाशांना एक पत्रक भरायला देतात. त्यात लाकडी वस्तू, झाडांचे भाग, बिया, खाण्याचे पदार्थ, औषधं आणताय का, असे प्रश्न असतात. तुम्ही त्यावर 'हो' अशी खूण करायची, बस. अधिकारी वस्तू बघायला मागतात. साल नसलेलं, कीड नसलेलं, नीट रंगवलेलं लाकूड असेल तर सहसा परत देतात. दंड होतो तो लपवल्याबद्दल. 'नाही' अशी खूण केली आणि बॅगेत सापडलं, तर जागेवर दंड, आणि तो चांगलाच घसघशीत असतो. सगळ्या लाकडी वस्तू एकाच पिशवीत, बॅगेत अगदी वर ठेवा, म्हणजे सगळी बॅग उपसावी लागणार नाही. इंग्रजीतून बोलायची धास्ती असेल तर लेकीकडून एका कागदावर 'यात रंगवलेली लाकडी खेळणी आहेत' एवढं लिहून घ्या आणि दाखवा.

कीड मात्र खरंच बघून घ्या. लाकडी वस्तू घरी आणल्या की एका पांढऱ्या कागदावर मांडून दोन-तीन आठवडे तशाच ठेवा. खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ती वस्तू नेऊ नका. तिथे तशी सापडली तर नष्ट करतील किंवा तुमच्या खर्चाने त्यावर प्रक्रिया करायला लावतील. म्हणून सावंतवाडीची खेप आधी करा. कोल्हापूरवरून आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. ऑगस्ट उजाडायच्या आत जाऊन या.

बाळाला मात्र या रंगवलेल्या फळांपासून दूर ठेवा. ती चाटायची नाहीत. त्याच्यासाठी चन्नपट्टणचं लाखकाम केलेलं एखादं खुळखुळ्यासारखं किंवा रिंगा ओवायचं खेळणं घ्या. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या या गावाच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. कडा गुळगुळीत हव्यात, बोट फिरवून बघा. सुटा होऊ शकेल असा कुठलाही भाग टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जात असेल, तर तो बाळाच्या घशात अडकण्याएवढा लहान आहे असं समजा. कारखान्यातल्या खेळण्यावर आयएसआयची खूण हवीच. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या वस्तूवर ती दिसली नाही म्हणून बिचकू नका. तिथे रंग कुठला लावलाय एवढं दुकानदाराला विचारा.

पुस्तकांकडे येते. पंचवीस पुस्तकांचा तो संच कृपा करून घेऊ नका. प्लॅस्टिकच्या पेटीतले 'बोधकथा' छापाचे हे संच मी अनेक घरांत न उघडलेले बघितलेत. चित्रं भडक, भाषा शाळेच्या निबंधासारखी, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य. मराठी जिच्या कानावर फक्त घरात पडते अशा मुलीला 'एकदा एका घनदाट अरण्यात एक वनराज वास्तव्य करीत असे' हे वाक्य वाचून दाखवलं तर ती उठून जाईल, आणि ते बरोबरच आहे.

नातीला देवनागरी वाचता येतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसणार असं धरून चालते. म्हणजे पुस्तक तिच्या डोळ्यांसाठी आणि कानांसाठी घ्यायचं, वाचणार तुम्ही. पुण्याला अप्पा बळवंत चौकात एक दुपार काढा. घाई करू नका, दुकानातच पुस्तकाचं एक पान हळू आवाजात वाचून बघा. जीभ अडखळली, वाक्य तुमच्या तोंडी घरी कधी येणार नाही असं वाटलं, तर ठेवून द्या. बोलल्यासारखं वाचता आलं तर घ्या. पानावर दोन-चार ओळी, बाकी चित्र, आणि चित्रात बोट ठेवून बोलण्यासारखं पुष्कळ काही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा, मराठीत त्यांनी हे काम फार निगुतीने केलंय. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची पुस्तकं पातळ आणि स्वस्त असतात. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची काही पुस्तकं एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी अशी असतात. ती एक-दोन मुद्दाम घ्या, कारण तुम्ही परत आल्यावर नात ती इंग्रजीतून वाचायला घेईल आणि शेजारची मराठी ओळ तिच्या नजरेखालून जाईल. बाळासाठी जाड पुठ्ठ्याची दोन, ती चावण्यासाठीच असतात.

सगळी मिळून आठ-दहा पुस्तकं, त्यापेक्षा जास्त नकोत. मुलं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात आणि पन्नासाव्या वाचनाला ओळी त्यांच्या तोंडी येतात. पंचवीस पुस्तकांत ते होत नाही. त्यातूनही कमी पडली तर वजन न वाढवता सोय आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झालं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. नातीला नसले तरी तुमच्या लेकीला ते अंक बघून बरं वाटेल. तिच्या लहानपणी घरी येत असतील तर तुम्हा दोघींची एक संध्याकाळ त्यात जाईल.

आणि एक कोरी दोनशेपानी वही न्या. तिच्यात कऱ्हाडच्या गोष्टी लिहा: कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, तुमच्या आजीचं घर, लेक लहान असताना तिने केलेले उद्योग. चित्रं नात काढेल. आपली आई लहानपणी कुणाचं ऐकत नसे, हे ऐकायला मुलांना जेवढं आवडतं तेवढं दुसरं काही आवडत नाही.

डीव्हीडी नेऊ नका. एक तर आता लॅपटॉपला तबकडी घालायची जागाच नसते. दुसरं, डीव्हीडींना जगाच्या विभागांप्रमाणे क्रमांक असतात. भारत पाचव्या विभागात, ऑस्ट्रेलिया चौथ्यात. सगळ्या विभागांत चालणारी तबकडी नसेल तर तिथल्या यंत्रावर ती लागणारच नाही. इथे मोबाइलवर चित्रपट उतरवून नेण्याचाही भरवसा धरू नका. हक्क देशाप्रमाणे विकलेले असतात, त्यामुळे इथे दिसणारा चित्रपट तिथे 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' म्हणतो. लेकीला सांगा, तिथे कुठले मराठी चित्रपट दिसतात त्याची यादी आधीच पाठव. त्या यादीतून तुम्ही निवडा.

निवडताना सांभाळा. मराठीत मुलांवरचे चित्रपट पुष्कळ आहेत, मुलांसाठीचे कमी. छोटा नायक बघून आपण लावतो आणि अर्ध्या तासात गरिबी, आजारपण, आईचं किंवा वडिलांचं मरण असं काही समोर येतं. चित्रपट उत्तम असतो, आपण डोळे पुसतो, आणि सहा वर्षांचं पोर रात्री झोपत नाही. नव्या प्रमाणपत्रांवर आता यूए ७+, १३+, १६+ असं वय लिहिलेलं असतं, ते बघा. पण तेवढ्यावर विसंबू नका, एकटीने आधी पूर्ण बघून घ्या. मग नातीला कथा तोंडी सांगा आणि त्यातली वीस मिनिटं एका वेळी दाखवा. मध्येच थांबवून 'आता काय होईल गं?' असं विचारायला तुम्ही शेजारी असणार आहात. नाहीतर पडद्यावर मराठी काय आणि जपानी काय, तिला खालच्या इंग्रजी ओळीच पुरतात.

प्रवासाच्या सामानावर फार खर्च करू नका. घरात चाकं धड असलेली बॅग असेल तर नवी नको. घ्यायचीच तर रिकामी उचलून बघा. चार-साडेचार किलो बॅगेचेच भरले तर २३ मधले उरले किती? लटकवून वजन करायचा काटा मात्र घ्या, चार-पाचशे रुपयांत येतो आणि परतीच्या वेळीही लागतो, कारण लेक येताना काही ना काही भरून देणारच. बॅग २२ किलोंवर थांबवा. हँडलला खणाची एक पट्टी बांधा म्हणजे पट्ट्यावरून येणाऱ्या शंभर काळ्या बॅगांत तुमची लांबून ओळखू येईल. आकड्यांचं साधं कुलूप पुरे. प्लॅस्टिक गुंडाळून घेण्याचे पैसे वाचवा, तपासणीला बॅग उघडली तर ते कापतातच.

पासपोर्ट, तिकीट, लेकीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला, आणि औषधं हे सगळं अंगाबरोबर राहील अशा पिशवीत हवं. ही पिशवी तुम्हीच शिवा, आतून चेन लावलेली. दुकानातल्या पाऊचमध्ये चष्म्याचं घर मावत नाही. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरतीच न्या. तिथे स्वतःपुरती तेवढीच नेता येतात, आणि पत्रकावर त्यांचीही नोंद करा. पॉवर बँक असेल तर ती हातातल्या सामानातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. २० हजार एमएएचपर्यंतची चालते, मात्र काही विमान कंपन्या उडत्या विमानात ती वापरू देत नाहीत. चार्जरसाठी तिथल्या तिरप्या पिनांचा एक अडॅप्टर न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. मानेची उशी हवी तर घ्या, माझ्या मते तुमची सुती शाल गुंडाळून तेच काम होतं. तोच पैसा पायांत घालायच्या घट्ट मोज्यांवर घाला, पण आधी डॉक्टरांना विचारून. बारा तासांच्या वर बसून राहायचं आहे. दर दीड-दोन तासांनी उठून फिरा. आणि तिकिटावर चाकाच्या खुर्चीची मदत आत्ताच मागून ठेवा. एकटीने पहिल्यांदा जाताना त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. योग्य दारापर्यंत पोचवणारं माणूस सोबत मिळतं.

खाऊत खोबऱ्याच्या वाट्या घेतल्या असतील तर त्या मात्र काढून ठेवा. सुक्या खोबऱ्यात तेल असतं म्हणून आपल्याच विमानतळावर ते बॅगेतून नेऊ देत नाहीत. दुधाच्या मिठायाही ऑस्ट्रेलियात अडवतात.

आता जावयांबद्दल. त्यांना फोन करा आणि एवढंच विचारा, 'नातीच्या खोलीत एका टोपलीएवढी जागा होईल का?' परदेशातल्या घरात पोरांची खेळणी ठेवायला जागा नसते, ती त्यांची खरी अडचण असेल. खेळण्यांचे डोंगर येणार नाहीत, एक टोपली येणार आहे, हे कळलं की तेही निर्धास्त होतील. आणि व्हिडिओ कॉलवर नातीलाही विचारा: बाहुलीच्या नऊवारीला रंग कुठला हवा? ती सांगेल त्याच रंगाचा खण तुळशीबागेतून घ्या. सावंतवाडी, पुणे, मेलबर्नची टोपली हे सगळं धरून तुमचे १५ हजार पूर्ण लागणार नाहीत. उरतील त्यातून स्वतःसाठी चालायचे चांगले बूट घ्या आणि निघायच्या आधी महिनाभर रोज घालून ते पायाला बसवून घ्या.